दोन थेंब तेल

ही गोष्ट कुणाला खरी वाटणार नाही. मला स्वतःलाच तिच्यावर विश्वास बसायला पाच-सहा वर्षं लागली, आणि मी तर तिथं हजर होतो.

गेल्या मे महिन्यात ती मी ओवीला सांगितली. सांगितली तशीच लिहितो, तिनं मध्ये मध्ये टोचलेल्या टाचण्यांसकट.

ओवी म्हणजे आमच्या शेजारच्या दत्तोबा म्हेत्र्यांची नात, अरूची मुलगी. वय नऊ. राहायला पुण्याला, सुट्टीपुरती इचलकरंजीला. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात लहान मुलांची व्हिडिओ गेमची स्पर्धा होती आणि त्यात हिचं नाव होतं. सकाळपासून पोरीच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. दुपारी चारच्या सुमाराला ती माझ्या सोप्यात येऊन बसली आणि हातातला काळा कंट्रोलर तिनं माझ्यापुढं धरला.

"जॉबर आजोबा, ह्याचं बटण कुरकुरतंय. आमचे आजोबा म्हणाले, तुम्ही काहीही दुरुस्त करता."

जॉबर हे काही माझं आडनाव नाही. आडनाव ढवळे. पण आमच्या गावात घरोघरी यंत्रमाग, आणि बिघडलेला माग ठीक करणाऱ्याला म्हणायचं जॉबर. चाळीस वर्षं ते काम केल्यावर आडनाव कोण विचारतो? कारखान्याच्या फाटकात उभा राहून मी नुसत्या आवाजावरून सांगायचो की आतल्या चोवीस मागांतला कुठला दुखतोय. एकदा सांगलीहून फोन आला होता, तर रिसीव्हर मागाजवळ धरायला लावून इथूनच दुरुस्त केला.

"फोनवरून?" ओवी म्हणाली.

"तेव्हाचे फोन चांगले होते."

मी कंट्रोलर कानाशी धरून बटण दाबून पाहिलं. जरासं कुरकुरत होतं खरं. पण पोरीचा चेहरा त्याहून जास्त कुरकुरत होता.

"उद्या कितीला जायचं?"

"मला जायचंच नाहीये. मी हरणार आहे."

"कुणी सांगितलं?"

"माझ्या पोटानं."

"हात्तिच्या. तुझ्या आईचं पोटसुद्धा असंच बोलायचं."

"आईचा काय संबंध? आई कुठं गेम खेळते? ती तर मलाच ओरडते."

"तुला सांगितलं नाही तिनं?" मी म्हणालो. "तू बसलीयस तिथंच बसायची ती. त्या खुंटीखाली टीव्ही होता."

ओवीनं खुंटीकडं पाहिलं. खुंटीला माझी टोपी होती, तिची तिला काही मदत झाली नाही. मग मी मांडी घातली.

सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा मुलगा विश्वास शिकायला पुण्याला गेला आणि त्याचा गेमचा खोका घरी राहिला. टीव्हीला जोडायचा, वर कॅसेट खुपसायची, दोन बाजूंना वायरीचे दोन रिमोट. कॅसेट चालली नाही की काढून तिच्यात फुंकर मारायची आणि परत खुपसायची. अरू तेव्हा दहा वर्षांची. एकदा वाटीभर साखर मागायला आली, तिनं तो खोका पाहिला आणि साखर विसरून बसली. तिची आई वाटी शोधत आली तेव्हा कळलं, आधणाचं पाणी आटून भांडं जळलं होतं.

मोटारींच्या शर्यतीचा गेम होता. बटण दाबलं की गाडी पळते, सोडलं की हळू होते. वळण आलं की सोडायचं, वळण सरलं की दाबायचं. एवढंच. पण ही पोर डोळे फाडून पडद्याकडं बघायची, आणि वळण दिसेपर्यंत वळण येऊन गेलेलं असायचं. गाडी भिंतीत. पुन्हा गाडी भिंतीत.

आठवडाभर मी गप्प बघितलं. मग एक दिवस म्हणालो, "अरू, माग चालवणारा धोट्याकडं बघत बसला तर काय होईल?"

"काय होईल?"

"सूत घेऊन मागात इकडून तिकडं मिनिटाला दीडशे खेपा घालतो धोटा. डोळे फिरून पडंल तो. मागाला कान लावायचा असतो. मिट डोळे."

तिनं डोळे मिटले. मी रिमोट घेतला आणि गाडी पळवली. "ऐक. आता आवाज चढतोय. चढला, चढला, आता वर टेकला. ह्याच्यानंतर चार ठोके मोज. एक, दोन, तीन, चार. वळण. आता सोडला, आवाज उतरला. ऐकू आलं?"

"परत करा, काका."

दोन महिने मी परत परत केलं. पुढं पुढं ती स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली तरी तिथून ओरडून सांगायची, "काका, तिसरं वळण आलं, सोडा बटण." ही मात्र अगदी खरी गोष्ट आहे.

"बाकीच्या खोट्या आहेत?" ओवी म्हणाली.

"बाकीच्या जास्त खऱ्या आहेत. ऐक."

मे महिन्यात गावातल्या एका टीव्हीच्या दुकानदारानं लहान मुलांची स्पर्धा ठेवली. मंगल कार्यालयात, रविवारी सकाळी. सोळा पोरं, दोघा-दोघांची शर्यत, हरेल तो घरी. पहिल्या येणाऱ्याचा फोटो दुकानाच्या काचेत. रिमोट ज्याचा त्यानं आणायचा, कारण पोरं दाबून दाबून दुकानदाराचे मोडायची.

नाव घालायला वडिलांची सही पाहिजे होती. अरूनं तीन दिवस कागद दप्तरात ठेवला. चौथ्या दिवशी दत्तोबा स्वतःच माझ्या दारात आला, कागद हातात घेऊन. तेव्हा तो चार मागांवर काम करायचा. केसात कापसाची पिंज, आणि आवाज नेहमी चढलेला, कारण कारखान्यात हळू बोललेलं कुणाला ऐकू जात नाही आणि मग ती सवय घरी येते.

"काय जॉबर, माझ्या पोरीला काय बिघडवाय लागलाय?"

"बिघडलेलं नीट करतो मी, दत्तोबा. ये, बस."

"बसत नाही. हे काय हाय?"

"शर्यत हाय. पोरगी चांगली हाय त्यात. गावात तिच्या तोडीचं कोण नाही."

"खोक्यातल्या शर्यतीनं काय होतं?"

"तुला लहानपणी गोट्यांनी काय झालं?"

ह्यावर तो हसला असता, पण अरू दाराआडून बघत होती, म्हणून हसला नाही. त्यानं खिशातलं पेन काढलं आणि माझ्या पाठीवर कागद ठेवून सही केली. मग तिला पुढं बोलावलं.

"हे बघ. ही एकच संधी. पहिली आलीस तर खेळ, मी काय बोलणार नाही, लोकांना माझ्या तोंडानं सांगत फिरीन. नाही आलीस तर हा खोका बंद. शाळा सुटली की सरळ घर, आणि आईच्या शेजारी बसून कांड्या भरायच्या. कबूल?"

धोट्यात घालायचं सूत ज्याच्यावर गुंडाळतात ती कांडी. दिवसाला शेकड्यांनी भराव्या लागतात. अरूची आई भरायची, तिच्या बोटांना कायम सुताचे काप असायचे.

"कबूल," अरू म्हणाली. अगदी हळू. दत्तोबाला ऐकू आलं नसणार, पण त्यानं मान हलवली.

"म्हणजे हरली असती तर आईचा गेम कायमचा बंद?" ओवीनं विचारलं.

"कायमचा."

"बापरे," ती म्हणाली आणि कंट्रोलर मांडीवर घट्ट धरला.

रविवारी सकाळी सातला अरू आली. दोन वेण्या, शाळेचा फ्रॉक, ओठ पांढरे. "काका, माझं पोट म्हणतंय मी हरणार."

"पोटाला काय कळतं? पोटाला फक्त भूक कळती. रिमोट आण इकडं."

रिमोटचं बटण कुरकुरत होतं, हे ओवीचं कुरकुरतंय तसंच. आता माझा एक नियम सांगतो. यंत्र कुरकुरलं की तेल मागतंय. लोखंडाला तेल म्हणजे तान्ह्याला दूध. मी रिमोटचे चार स्क्रू काढले, कसे काढायचे ते अरूला दाखवलं, आणि मागाच्या तेलाची बुधली घेतली. दोन थेंब. मोजून दोन.

"काका, ह्याच्यात लोखंड आहे?" तिनं विचारलं.

"सगळ्यात लोखंड असतं," मी म्हणालो. "पालकातसुद्धा असतं."

स्क्रू बसवले. बटण दाबलं, आवाज बंद. लोण्यासारखं. अरूनं दहा-बारा वेळा दाबून बघितलं आणि पहिल्यांदा हसली.

मंगल कार्यालयात पोरं सोळा आणि माणसं दीडशे. प्रत्येक पोराच्या मागं आई, बाप, मामा. सगळे ओरडत होते. "दाब, दाब, डावीकडं, अरे डावीकडं म्हणतोय ना." ज्यानं जन्मात गेम बघितला नव्हता तो सगळ्यात मोठ्यानं शिकवत होता. एका बाईनं तर शर्यत चालू असताना पोराच्या तोंडात पुरी कोंबली, त्याची गाडी उलटी पळायला लागली. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. खेळणाऱ्या पोराला तीन गोष्टी लागतात असं माझं मत आहे. पोटात थोडं अन्न, जायच्या आधी एकदा मोरी, आणि गर्दीत एक तरी माणूस न ओरडणारा. तो मी होतो.

दत्तोबा इस्त्रीचा शर्ट घालून दारापाशी हाताची घडी घालून उभा. तोही ओरडत नव्हता. पण त्याचं गप्प राहणं वेगळ्या जातीचं होतं.

अरूसमोर आला अभिनंदन मगदूम, डॉक्टरांचा मुलगा, अकरा वर्षांचा. त्याचा रिमोट नवा कोरा, मुंबईहून आणलेला. अरू खुर्चीवर बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते. तिनं मागं वळून गर्दीत मला शोधलं. मी नुसतं बोट कानाला लावलं.

तिनं मान हलवली, पुढं वळली आणि डोळे मिटले.

शर्यत सुरू झाली. त्या दीडशे माणसांच्या कालव्यात मला फक्त एकच आवाज ऐकू येत होता, तिच्या गाडीचा. चढला, चढला, टेकला. एक, दोन, तीन, चार. उतरला. पहिलं वळण साफ. पुन्हा चढला. उतरला. दुसरं वळण साफ. अभिनंदन दोन गाड्या मागं पडला. त्याचे वडील म्हणाले, "ती मुलगी डोळे मिटून खेळतेय, हे नियमात बसतं का?" दुकानदार म्हणाला, नियमात डोळ्यांचं काही लिहिलेलं नाही.

मग तिसरं वळण. आवाज चढला, टेकला. एक, दोन, तीन, चार. आता उतरायला पाहिजे होता.

उतरला नाही.

"मग?" ओवी म्हणाली.

"मला जरा पाणी दे गं."

ती आत पळाली, तांब्या घेऊन आली. मी सावकाश प्यायलो. तांब्या खाली ठेवला, तोंड पुसलं, पाठ खांबाला नीट टेकवली.

"मग काय झालं, आजोबा?"

मग असं झालं की त्या दोन थेंबांनी आपला गुण दाखवला. बटण असं काही मऊ झालं होतं की गाडीचा वेग कमी व्हायचं नावच घेईना. तिसऱ्या वळणावर बाकी सगळ्या जगाच्या गाड्या भिंतीत जातात. अरूची गाडी भिंतीत गेली नाही, भिंतीवर चढली. भिंतीवरून पळत गेली, वरच्यावर वळण संपवलं आणि खाली उतरली. अभिनंदनला तिनं तीनदा मागं टाकलं. पहिल्यांदा मागं टाकलं तेव्हा तो चिडला, दुसऱ्यांदा रडला, तिसऱ्यांदा त्यानं रिमोट खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. टीव्ही इतका तापला की दुकानदारानं पाण्यात भिजवलेला टॉवेल त्याच्यावर टाकला. त्यातनं वाफ निघाली. शेजारच्या कारखान्यातले माग बंद होते, रविवार होता ना, त्यातला एक आपोआप सुरू झाला आणि त्यानं सव्वा मीटर कापड विणलं.

"आजोबा."

"मी कापड बघितलंय. पांढरं होतं."

पहिली फेरी जिंकली, दुसरी जिंकली, तिसरी जिंकली, आणि चौथ्या फेरीला समोर यायला कुणी तयारच होईना. सोळा पोरांत पहिली. दुकानदारानं तिला खुर्चीवर उभं केलं, गळ्यात हार घातला. आणि दत्तोबा गर्दीतून वाट काढत आला आणि त्यानं मला मिठी मारली.

"आमचे आजोबा कुणाला मिठी मारत नाहीत," ओवी म्हणाली.

"त्या दिवशी मारली. अजून ही बरगडी दुखती."

"मग आईचा फोटो? दुकानाच्या काचेतला?"

"लावला होता की. वर्षभर होता. मग दुकान बंद झालं."

"आईनं मला कधीच का नाही सांगितलं?"

"तिचा स्वभावच तसा. मोठेपणा मिरवायचा नाही."

मला वाटलं होतं की आता पोरगी हसेल, उठेल, काहीतरी खायला मागेल. एवढी तापलेली गोष्ट मी फुकट सांगितली नव्हती. पण ती कंट्रोलरकडं बघत बसली. बोटं कंट्रोलरवर आवळलेली.

"म्हणजे आई पहिली आली होती," ती म्हणाली. "म्हणजे आता मला पहिलं यावंच लागणार."

"येशील की. का नाही येणार? तुझ्यात तिचंच रक्त. आण तो कंट्रोलर इकडं."

मागाचं तेल मी आता वापरत नाही, माग कुठं राहिलेत? पण बुधली अजून कोनाड्यात असते. ती काढली, स्क्रू काढायचा पेचकस काढला. "दोन थेंब घालतो. मोजून दोन. बघ मग उद्या कशी पळती गाडी."

"काका."

मागून आवाज आला. अरू दाराला टेकून उभी होती, हातात ताटली, ताटलीत दोन धपाटी आणि दही. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. दह्याला पाणी सुटलेलं होतं, म्हणजे बराच वेळ.

"ये की गं. हिला तुझी ती शर्यत सांगत होतो."

"ऐकली मी. भिंतीवर चढल्यापासून." ती आत आली, ओवीशेजारी बसली आणि ताटली मधे ठेवली. "काका, मी जिंकले नव्हते."

मी बुधलीचं झाकण पुसायला लागलो. झाकण स्वच्छच होतं.

"आई, तू हरलीस?" ओवी म्हणाली.

"पहिल्याच फेरीत. तिसऱ्या वळणावर भिंतीत. चार मोजले, बोट उचललं, बटण वर आलंच नाही. पुढं तीन वर्षं कांड्या भरल्या मी."

"पहिल्याच फेरीत?"

"दीडशे माणसांसमोर. डोळे मिटून."

ओवी जराशी हसली. मग हसतच राहिली. तिनं कंट्रोलर खाली ठेवला, एक धपाटं उचललं, दह्यात बुडवलं आणि खायला लागली.

"बाबांनी विचारलं काय झालं, तेव्हा तुम्ही बाहेर चपला शोधत होता," अरू मला म्हणाली. तिचा आवाज लहानपणी होता तसाच, हळू. "चपला तुमच्या पायातच होत्या. मी त्यांना सांगितलं, बोट घसरलं."

"तू सांगितलंस की बोट घसरलं?"

"मग काय सांगणार? खरं सांगितलं असतं तर त्यांनी मला तुमच्या घरची पायरी चढू दिली नसती. खोका बंद झाला तो झालाच, पण कांड्या तरी तुमच्या सोप्यात बसून भरता आल्या. त्या संध्याकाळी मी रिमोट उघडला. चार स्क्रू, तुम्ही दाखवलेले. आत लोखंड नव्हतं काका. रबर होतं. तेल पिऊन फुगलं होतं."

ओवी दुसरं धपाटं घेत होती.

"बटण कुरकुरू दे गं, ओवी. खाऊन झालं की डोळे मिट आणि कान कसा लावायचा ते ह्यांच्याकडून शिकून घे, ते ह्यांना खरंच येतं," अरू म्हणाली आणि तिनं माझ्यापुढं हात पसरला. "आणि काका, ती बुधली आधी माझ्याकडं द्या."